हिर्टा : कुलूप लावून गेलेल्यांचं बेट



"या वयात बोटीत बसून कुठे निघालात? आणि तेही जिथे कुणी राहत नाही अशा बेटावर?" असं आमच्या ओळखीच्या सगळ्यांनीच विचारलं. उत्तर सोपं होतं. आमची लेक कामानिमित्त ग्लासगोला असते. तिच्या मुलांना, म्हणजे आमच्या नातवाला आणि नातीला, शाळेत सेंट किल्डा नावाच्या बेटांचा धडा होता. दोघांनी हट्टच धरला. नातवंडांचा हट्ट आजी-आजोबा मोडू शकत नाहीत, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज नावाची बेटांची रांग आहे. त्या रांगेच्याही पलीकडे, अटलांटिक महासागरात ६४ किलोमीटर आत गेलं की सेंट किल्डा लागतं. त्यातलं सगळ्यात मोठं बेट हिर्टा. मोठं म्हणजे किती? पावणेसात चौरस किलोमीटरसुद्धा नाही. गंमत अशी की सेंट किल्डा नावाचा कुणी संत कधी झालाच नाही. जुन्या नकाशांवरच्या कसल्यातरी चुकीतून हे नाव आलं आणि चिकटलं ते चिकटलंच.

बोट हॅरिस बेटावरच्या लेव्हरबर्ग गावातून सुटते. समुद्र खवळलेला असला तर जात नाही, म्हणून एक दिवस राखीव ठेवावा लागतो. आम्ही मंगळवार ठरवला आणि बुधवार राखीव ठेवला. तिकडची जुनी माणसं रविवार फार कडक पाळतात, आणि आमचा शब्बाथ शनिवारी, तेव्हा आठवड्याच्या शेवटी जायचा प्रश्नच नव्हता. डब्यात चपात्या, बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी आणि लिंबाचं लोणचं घेतलं होतं. निघताना मनातल्या मनात एलियाहू हन्नाबीला मलिदाही बोललो.

बोलायची गरज होतीच. जवळजवळ तीन तास बोट नुसती उड्या मारत होती. आजोबा डोळे मिटून बसले, आजी तेहिलीम म्हणत होती, आणि नातवंडं प्रत्येक लाटेला "ओद पाआम! ओद पाआम!" म्हणून ओरडत होती. मग एकाएकी धुक्यातून काळे कडे वर आले. हिर्टाचा कोनाखर नावाचा डोंगर समुद्रातून सरळ ४३० मीटर उंच उठलेला आहे. ब्रिटनमध्ये यापेक्षा उंच समुद्रकडा दुसरा नाही. समोर घोड्याच्या नालेसारखी एक शांत खाडी, तिच्या काठाला हिरवंगार कुरण आणि कुरणात एका ओळीत दगडी घरं. एक झाड म्हणून नाही.

खाडीत मोठी बोट धक्क्याला लागत नाही. रबरी होडीत उतरून जावं लागतं. दोन तगड्या खलाशांनी आजीला दोन्ही दंडांना धरून उचललं आणि पार्सलसारखं होडीत ठेवलं. धक्क्यावर नॅशनल ट्रस्टची एक मुलगी भेटली. आमच्या पिशव्यांत चुकून उंदीर-घूस तर आली नाही ना, याची तिने चौकशी केली. आम्हाला हसू आलं, पण तिला नाही. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि पिल्लं एक घूस फस्त करून टाकते. या बेटावर घूस नाही, आणि ती येऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवतात.

बालमित्रांनो, आता या बेटाची गोष्ट ऐका.

या बेटावर माणसं निदान दोन हजार वर्षं राहिली. १६९७ साली मार्टिन मार्टिन नावाचा प्रवासी इथे आला तेव्हा १८० लोक होते. भाषा गेलिक. शेत थोडंसं, मेंढ्या, गाई, पण खरं पोट भरायचं ते पक्ष्यांवर. गॅनेट, फुलमार आणि पफिन हे तीन समुद्रपक्षी म्हणजे त्यांचं धान्य. पुरुष कमरेला दोर बांधून अनवाणी त्या भयंकर कड्यांवरून खाली उतरायचे, पक्षी आणि अंडी घेऊन वर यायचे. फुलमारच्या पोटातलं तेल दिव्याला आणि औषधाला, पिसं गादीला. बेटाचे मालक मॅक्लाउड घराण्याचे सरदार. त्यांचा कारभारी वर्षाकाठी येऊन भाडं न्यायचा, तेही पिसं, तेल आणि विणलेलं कापड अशा रूपात. "आजी, हे पक्षी कोशेर आहेत का?" नातीने लगेच विचारलं. आम्ही सांगितलं, नाहीत, म्हणून तू आपली चपाती खा.

पकडलेले पक्षी साठवायला बर्फ नव्हता, मीठही पुरेसं नव्हतं. मग त्यांनी दगडावर दगड रचून, चुना-माती न लावता, छोट्या खोल्या बांधल्या आणि वर गवताची ढेकळं ठेवली. वारा दगडांच्या फटींतून आरपार जातो, पाऊस आत येत नाही, आणि मांस आपोआप सुकतं. याला 'क्लेट' म्हणतात. एकट्या हिर्टावर बाराशेहून जास्त क्लेट आहेत. डोंगरभर असे दगडी घुमट पाहिले की वाटतं, गावापेक्षा कोठारंच मोठी.

दररोज सकाळी, रविवार सोडून, सगळे पुरुष गावच्या एकुलत्या रस्त्यावर जमायचे आणि आज काय काम करायचं ते ठरवायचे. अध्यक्ष नाही, घंटा नाही, ज्याला बोलायचं त्याने बोलावं. बाहेरच्या लोकांनी कौतुकाने त्याला 'पार्लमेंट' नाव दिलं. वादावादी खूप व्हायची, पण तिच्यापायी गावात कायमची फूट पडली असं ऐकिवात नाही. (आपल्या कमिट्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.)

रविवारची गोष्ट तर आम्हाला आपलीच वाटली. एकोणिसाव्या शतकात जॉन मॅके नावाचे एक कडक पाद्री इथे २४ वर्षं होते. त्यांच्या काळात रविवारी काम नाही, खेळ नाही, मोठ्याने बोलणं नाही, नुसती प्रार्थना, आणि ती दिवसातून तीनदा. कोकणात आपल्या पूर्वजांना 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. इथे अटलांटिकच्या मध्यावर पक्ष्यांचं तेल काढणारे हे 'रविवार तेली' राहत होते, असं आजोबा म्हणाले. नातवंडांना तेली म्हणजे काय ते समजावण्यात पाच मिनिटं गेली, पण ती वाया गेली असं आम्ही म्हणणार नाही.

मुलांना सर्वांत आवडलेली गोष्ट टपालाची. हिवाळ्यात महिनोन्‌महिने बोट येत नसे. १८७७ साली जॉन सँड्स नावाचा पत्रकार इथे अडकला होता. त्याने बुडू नये अशा तरंगत्या कड्याला बाटली बांधून आत चिठ्ठी घातली आणि समुद्रात सोडली. नऊ दिवसांत ती ऑर्कनी बेटांवर पोचली आणि मदत आली. तेव्हापासून लोक लाकडाची लहान होडी कोरून तिच्या पोटात पत्र ठेवत, वर मेंढीचा फुगवलेला मूत्राशय बांधत आणि वारा वायव्येचा असला की सोडून देत. ती स्कॉटलंडला लागायची, कधी थेट नॉर्वेला. पहिल्या महायुद्धात, मे १९१८ मध्ये, एक जर्मन पाणबुडी इथे आली आणि तिने वायरलेसवर तोफा डागल्या. माणूस एकही मेला नाही. मेलं ते एक कोकरू. त्यानंतर सरकारने मोठी तोफ आणून बसवली. ती अजून खाडीकडे तोंड करून उभी आहे. लढाईत तिच्यातून एकही गोळा सुटला नाही.

पण सगळंच हसण्यासारखं नव्हतं. १७२७ च्या ऑगस्टमध्ये तीन पुरुष आणि आठ मुलगे पक्षी धरायला स्टाक अन आर्मिन नावाच्या खडकावर उतरले. समुद्रातून उभा राहिलेला तो १९६ मीटरचा सुळका आहे. तेवढ्यात हिर्टावर देवीची साथ आली. त्यांना परत आणायला होडी वल्हवील असं गावात कुणी उरलंच नाही. अकरा जणांनी अख्खा हिवाळा त्या उघड्या खडकावर काढला. पुढच्या मे महिन्यात कारभाऱ्याची बोट आली तेव्हा अकराही जिवंत होते. गाव मात्र जवळजवळ रिकामं झालं होतं. नंतर दुसरीकडून माणसं आणून गाव पुन्हा वसवलं.

आणखी एक गोष्ट ऐकून आजीचे डोळे भरून आले. इथे बाळ जन्मलं की आठवा दिवस येईपर्यंत घरात कुणी आनंद करत नसे. 'आठ दिवसांचा आजार' म्हणत त्याला. तो होता धनुर्वात. एकोणिसाव्या शतकात कितीतरी वर्षं अशी गेली की जन्मलेल्या बाळांतली अर्ध्याहून जास्त दगावली. आपल्याकडे आठवा दिवस म्हणजे मिला, पाहुणे, गाणी. इथे त्याच दिवसाची धास्ती. शेवटी अँगस फिडस नावाच्या पाद्र्याने ग्लासगोला जाऊन बाळंतपणातली स्वच्छता शिकून घेतली, आणि १८९० च्या दशकात हा आजार थांबला. पण तोवर गावात तरुण पिढी अशी उरलीच नव्हती. त्याआधी १८५२ साली ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघून गेले होते. त्यांतले बरेचसे वाटेतच गोवराने मेले.

आता शेवटचं वर्ष. १९३० च्या जानेवारीत गावातली एक गरोदर बाई आजारी पडली. इथे डॉक्टर नाही, समुद्र खवळलेला. बोट येऊन तिला ग्लासगोच्या इस्पितळात नेईपर्यंत फार उशीर झाला. ती तिथेच वारली, आणि तिची नुकती जन्मलेली मुलगीही. गावात एक नर्स होती, विल्यमिना बार्कले. ती प्रत्येक घरी जाऊन बोलली. १० मे १९३० रोजी गावकऱ्यांनी सरकारला अर्ज लिहिला, की आम्हाला इथून घेऊन जा. राहिलेले होते ३६ जण. अर्जावर बारा पुरुषांनी आणि आठ बायकांनी सह्या केल्या.

२७ ऑगस्टला गाई आणि मेंढ्या एका बोटीने गेल्या. कुत्र्यांना नेता येणार नव्हतं. त्यांच्या गळ्यात दगड बांधून त्यांना खाडीत बुडवलं. हे ऐकल्यावर आमची नात बराच वेळ काही बोलली नाही. २९ ऑगस्टच्या सकाळी आरमाराच्या 'हेअरबेल' बोटीत सगळे चढले. त्याआधी प्रत्येक घरात चूल पेटवून, बायबल उघडं ठेवून, शेजारी मूठभर ओट ठेवले आणि दाराला कुलूप लावलं, असं सांगतात. एका घरात बायबल शेमोतच्या पानावर उघडं होतं, असंही सांगतात. मिसर देश सोडून जायची ती गोष्ट.

नातू म्हणाला, "पण ते गेलेच का? आणखी थोडं भांडायचं, सरकारकडे डॉक्टर मागायचा, राहायचं!"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. कारण हाच प्रश्न आम्हाला आमच्या आईबापांनी विचारला होता, आम्ही अलिबागजवळचं घर सोडून इस्राएलला निघालो तेव्हा. आमच्यावर कुणी जुलूम केला नव्हता. भारतात आम्हाला कधी कुणी हाकललं नाही. तरी निघालो. आधी धाकटे गेले, मग त्यांच्या मागून भाऊ, मग मिन्यानला दहा माणसं जमेनात. गाव रिकामं होतं ते एका दिवसात नाही. आधी तरुण जातात, आणि मग एक दिवस उरलेल्यांना कळतं की होडी वल्हवायला पुरेसे हात नाहीत. हे आम्ही नातवाला सांगितलं. त्याला किती पटलं ते माहीत नाही, पण त्याने पुन्हा विचारलं नाही.

त्या लोकांना स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर मॉर्व्हर्न भागात घरं दिली, आणि पुरुषांना काम दिलं जंगल खात्यात! ज्यांनी जन्मात झाड पाहिलं नव्हतं, त्यांना झाडं लावायला पाठवलं. आपल्यातल्या ज्या थोरांनी पहिल्या वर्षांत केरेन कायेमेतच्या डोंगरांवर पाइनची रोपं लावली, त्यांना यातली गंमत आणि दुःख दोन्ही कळेल.

गावाच्या रस्त्याने आम्ही सावकाश चाललो. १८६० च्या सुमारास बांधलेली सोळा घरं. काहींवर पुन्हा छप्पर घातलं आहे, बाकीच्यांच्या नुसत्या भिंती. आत दगडाच्या पाटीवर त्या घरात शेवटी कोण राहत होतं त्याचं नाव. आमच्या नातीने प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली. शाळेची खोली आहे, बाकांसकट. इथून आठ वर्षांची असताना गेलेली एक मुलगी २०१६ साली ९३ व्या वर्षी वारली. या बेटावर जन्मलेल्यांपैकी ती शेवटची. आता पाट्या आहेत, पण "हे माझं घर" म्हणणारं कुणी नाही.

तसं बेट अगदी मोकळं नाही. १९५७ पासून इथे लष्कराचं रडार केंद्र आहे, तिथे पाळीने माणसं येतात. त्याच सुमारास बेटं नॅशनल ट्रस्टकडे आली, तेव्हा उन्हाळ्यात त्यांचे लोक असतात. १९८६ साली युनेस्कोने निसर्गासाठी आणि २००५ साली इथल्या माणसांच्या संस्कृतीसाठीही या बेटांना जागतिक वारशात घेतलं. पण कायमचं घर इथे कुणाचं नाही.

माणसं नाहीत, तर मग आहे कोण? मेंढ्या! लहान चणीच्या, तपकिरी, हरणासारख्या चपळ. शेजारच्या सोए बेटावरच्या या जुन्या जातीच्या १०७ मेंढ्या १९३२ साली हिर्टावर आणून सोडल्या. त्यांना मालक नाही, मेंढपाळ नाही, कुणी चारा घालत नाही. संख्या कधी दोन हजारांवर जाते, कधी एका कडक हिवाळ्यात शेकडो मरतात. शास्त्रज्ञ १९८५ पासून एकेक मेंढीची नोंद ठेवतात. क्लेटच्या दारात वाऱ्यापासून आडोसा घेऊन त्या अशा बसतात, जणू क्लेट त्यांच्यासाठीच बांधले.

भिंतीच्या फटीतून एक मूठभर पक्षी गाऊ लागला. आवाज एवढा मोठा की आजोबांना वाटलं शिटी वाजली. हा सेंट किल्डाचा रेन पक्षी. मुख्य भूमीवरच्या भावंडांपेक्षा थोडा मोठा, आणि जगात फक्त इथेच. पफिन उतारावर बिळं करून राहतात. रंगीत चोच, नारिंगी पाय, चालणं सिनागॉगला उशीर झालेल्या माणसासारखं. स्कुआ नावाचा मोठा तपकिरी पक्षी डोक्यावर झेप घेतो असं ऐकलं होतं, पण आम्हाला थोडेच दिसले. २०२१ आणि २०२२ च्या उन्हाळ्यांत बर्ड फ्लूने त्यांची दाणादाण उडवली. कड्यांवर पक्षी धरणारा माणूस आता नाही, तरी माणसांच्या जगातलं संकट त्यांच्यापर्यंत पोचलंच.

आणि आता उंदरांची गोष्ट. हिच्यासाठीच खरं तर आम्ही हे लिहायला घेतलं. या बेटावर पूर्वी दोन प्रकारचे उंदीर होते. एक रानउंदीर, मुख्य भूमीवरच्या उंदरापेक्षा वजनाने दुप्पट. तो क्लेटमध्ये, दगडांत राहायचा. दुसरा घरउंदीर. तो माणसांच्या घरात, चुलीच्या उबेला, सांडलेल्या दाण्यांवर जगायचा. शतकानुशतकं इथे राहून तोही जगावेगळा झाला होता. १९३० साली माणसं गेली. चुली विझल्या. दोन-तीन वर्षांत घरउंदीर संपला. कुणी मारला नाही. रानउंदीर रिकाम्या घरांत शिरला आणि आजही मजेत आहे.

परतताना बोट बोरेरे बेटाला आणि त्या सुळक्यांना वळसा घालून आली. स्टाक ली नावाचा काळा खडक दुरून बर्फ पडल्यासारखा पांढरा दिसत होता. जवळ गेल्यावर कळलं, तो सगळा गॅनेटनी भरलेला आहे. हजारो पक्षी, पंख पसरून, बोटीच्या वर. तीच अकरा माणसं जिथे हिवाळाभर बसली तो खडक बाजूलाच होता. त्याच खडकावर १८४० च्या सुमारास ब्रिटनमधला शेवटचा ग्रेट ऑक पक्षी पकडला गेला. त्याच वेळी वादळ उठलं, आणि हा पक्षी चेटकीण आहे समजून लोकांनी त्याला मारलं. आता जगात तो पक्षीच नाही. आमची मुलं कधी नव्हे ती गप्प होती.

ग्लासगोला सुखरूप पोचल्यावर बोललेला मलिदा केला. पोहे लेकीने भारतीय दुकानातून आणले, नारळ आजोबांनी फोडला. ताट मांडताना नातीने विचारलं, "आजी, तुमच्या अलिबागच्या घरात पण उंदीर होते?"

"होते की! चांगले धष्टपुष्ट."

"मग ते मेले?"

आजी म्हणाली, "नाही गं. आम्ही कुलूप लावलं, पण किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. त्यांचा मुलगा तिथे राहायला आला, त्याची मुलं तिथेच वाढली. चूल एक दिवसही विझली नाही. उंदीर असतील अजून."

नातीला एवढं हायसं वाटलं की ती हसायलाच लागली. मग तिने वही आणली आणि म्हणाली, आता सांगा, तुमच्या घरात शेवटी कोण कोण राहत होतं. आम्ही एकेक नाव सांगत गेलो, पणजी-पणजोबांपासून. तिने ती सगळी नावं इब्री अक्षरांत लिहून काढली. दोन नावांवर आम्हा दोघांचं एकमत होईना, म्हणून पुण्याच्या आतेबहिणीला फोन लावला. तोवर मलिदा थांबला.